लाल पाटीखालचे दोन दिवस

मी नळी बोलतेय. खरं तर मला बोलायची मनाई आहे. तीन दिवसांपूर्वी श्रुतिका सिस्टरने माझ्यातून पाणी सोडता सोडता इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "तूने सब देखा है ना? किसी को बोलना मत." मी गप्प राहिले. नळीने गप्पच राहायचं असतं.

पण आज सकाळपासून समोरच्या तीन नंबरच्या पलंगावर पुन्हा तेच सुरू झालंय. आता माझ्याच्याने राहवत नाही. सिस्टरला राग येईल. येऊ दे. मलाही आलाय, आणि माझा आधीचा आहे.

मी दिसायला काहीच नाही. दोन-अडीच हात लांब, बोटापेक्षा कितीतरी बारीक, काचेसारखी आरपार. एका टोकाला झाकण, दुसऱ्या टोकाला बारीक भोकं. ज्या मुलाला तोंडाने खाता येत नाही, त्याच्या नाकातून मी आत शिरते आणि थेट पोटात उतरते. वरून दूध सोडलं की ते माझ्यातून पोटात जातं. बस, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक यंत्रातून शेवयांसारखं बाहेर येतं, तशी मी आले. मग माझ्या अंगावर मापाच्या खुणा छापल्या, मला गुंडाळून पाकिटात बंद केलं, आणि पाकीट खोक्यात. गोंदियाकडून आलेल्या गाडीने राजेगावचा सीमेवरचा नाका ओलांडला तेव्हा खोक्यात नुसती कुजबुज चालली होती. कुणी सलाइनची नळी होती, कुणी लघवीची, कुणी रक्ताची. मी मनातून ऐटीत होते. या सगळ्यांत जेवण नेणारी मी एकटीच.

बालाघाटातल्या ज्या दवाखान्यात मी आले त्याचं नाव सांगणार नाही. तिथे लहान मुलांसाठी एक काचेची खोली आहे. तिथे यंत्रं लावलेली मुलं असतात. पाच नंबरच्या पलंगावर मयुरी होती. तिच्यासाठी माझं पाकीट फाडलं.

मयुरी सहा वर्षांची. खैरलांजीच्या पुढे तिचं गाव. सर्दी झाली, खोकला झाला, मग छातीत कफ भरला. बापाने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तिच्या तोंडातून श्वासाची नळी घातली आणि ती नळी यंत्राला जोडली. ती माझी थोरली बहीण म्हणायची. जाड, ऐटबाज, हवेचा भाता तिच्या दिमतीला. सगळं जग तिच्याकडे बघायचं.

मला घातलं ते श्रुतिका सिस्टरने. ती लालबर्राकडची, शेतकऱ्याघरची मुलगी. हात हलका. तिने मला मयुरीच्या नाकाच्या टोकापासून कानापर्यंत आणि कानापासून छातीच्या खालीपर्यंत मोजलं, खूण केली, आणि मग सावकाश आत सारलं. सिरिंजने थोडी हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून ऐकलं. आत गुडगुड झालं. "पहुँच गई," ती म्हणाली. चिकटपट्टीचा एक तुकडा कापून त्याला खालून अर्ध्यापर्यंत चीर दिली, पायजम्यासारखे दोन पाय केले, आणि ते माझ्याभोवती गुंडाळून मला मयुरीच्या नाकावर चिकटवलं. तेव्हापासून मी तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी पहिलं दूध आलं. दूध, साखर, थोडं तेल आणि कसलीशी पावडर. फक्त तीस एमएल, म्हणजे दोन मोठे चमचे. सिस्टरने सिरिंजचा दांडा काढून नळकांडं उंच धरलं आणि दूध आपल्या वजनाने खाली उतरू लागलं. कोमट होतं. माझ्या अंगातून पहिल्यांदा काही गेलं. मयुरीच्या पोटाने ते घेतलं आणि जरा वेळाने आणखी मागितलं. मी खूश झाले.

दर तीन तासांनी दूध येऊ लागलं. तिसाचे पन्नास झाले, पन्नासाचे शंभर.

पलंगाशी एकाच माणसाला थांबू देतात. दिवसा बहुतेक मयुरीची आई थांबायची, दुर्गाबाई. कमी बोलणारी. काचेपलीकडून येणारे सगळे यंत्राकडे बघत. आकडे किती, रेषा कशी पळते, लाल दिवा काहून लागला. मामा आला तर त्याने मोबाइलवर यंत्राचा फोटो काढला आणि गावाला पाठवला. मयुरीचा नाही, यंत्राचा. दुर्गाबाई मात्र सिरिंजकडे बघायची. दूध खाली खाली उतरायचं तशी तिची मानही खाली यायची. नळकांडं रिकामं झालं की ती म्हणायची, "गेलं पोटात," आणि पदराला एक गाठ मारायची. तिच्या माहेरी बायकांना काही ध्यानात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारतात. सकाळी आंघोळीला जाताना ती कालच्या गाठी सोडायची, पण शेवटची एक ठेवायची. मग पुढच्या गाठी तिथून.

तुम्हा माणसांची एक सवय मला काही केल्या समजत नाही. या भागात कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असतो, "जेवण झालं का?" काचेबाहेरच्या बाकावर दिवसभर हेच चालायचं. "जेवली का व दुर्गा?" "डबा आणला, खाऊन घे." "भात थंडा होऊन राह्यला." ज्याचं मूल आत मरणाशी झगडतंय त्यालासुद्धा ओढून नेऊन दोन घास खाऊ घालायचे. चांगली सवय आहे. पण ज्या पोरीसाठी सगळे जमले होते, ती जेवली का, हे नऊ दिवसांत त्या बाकावरच्या एकानेही विचारलं नाही. मशीनवर असलेल्या माणसाला भूक लागत नाही, असं वाटतं का तुम्हाला?

चौथ्या दिवशी संध्याकाळी मोठे डॉक्टरसाहेब आले. छातीचा फोटो बघितला आणि म्हणाले, "बढ़िया. कल सुबह दस बजे साँस की नली निकाल के देखेंगे. तब तक खाली पेट."

सिस्टरने सलाइनच्या दांड्याला एक लाल पाटी अडकवली. तिच्यावर लिहिलंय, 'कुछ नहीं देना'.

पाटीत काही चूक नव्हती, हे मी आधीच सांगते, नाहीतर म्हणाल नळीला काय कळतं. श्वासाची नळी काढताना मुलाला उलटी झाली तर दूध छातीत जाऊ शकतं. म्हणून आधी काही तास पोट रिकामं ठेवतात. काही तास.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजले. साहेब आले नाहीत. दुसरीकडे एका ऑपरेशनमध्ये अडकले होते. फोनवर म्हणाले, "शाम को देखते हैं." संध्याकाळी आले, घाईत होते. "आज देर हो गई. कल सुबह पक्का." पाटी जिथे होती तिथेच राहिली. ती काढायची तर कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगायचं तर कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. सकाळच्या सिस्टरला वाटलं संध्याकाळची काढेल, संध्याकाळचीला वाटलं रात्रीची.

आता जे सांगायचं नाही म्हणून मला बजावलंय, ते सांगते. पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता असतो. किती वाजता किती दूध दिलं, ते त्यात लिहायचं. चौदा मुलं आणि दोन सिस्टर. म्हणून इथली रीत अशी पडली आहे की ड्यूटीवर आलं की आधी तक्ता भरायचा आणि मग काम करायचं. पाचव्या दिवशी सकाळी श्रुतिका आली आणि हाताच्या सवयीने तिने लिहून टाकलं. नऊ वाजता शंभर, बारा वाजता शंभर. मग तिने मान वर केली तर लाल पाटी. तिने दूध दिलं नाही. पण लिहिलेलं खोडायचं राहून गेलं. संध्याकाळचीनेही वरचं बघून खालचं तसंच लिहिलं. सहाव्या दिवशी पुन्हा तेच.

राउंडला साहेबांनी तक्ता बघितला. "फीड ठीक जा रहा है?"

"जी सर," कुणीतरी म्हणालं. राउंडला 'जी सर' शिवाय दुसरं उत्तर नसतं.

डॉक्टर तक्ता वाचत होते. सिस्टर पाटी वाचत होत्या. मयुरीचं पोट कुणी वाचत नव्हतं. ते मीच एकटी ऐकत होते.

रिकामं पोट कसं असतं ते मला विचारा. आधी ते भांडतं. गुरगुरतं, आंबट पाणी वर फेकतं. माझ्या टोकाची भोकं त्या पाण्याने चुरचुरली. मग ते विनवतं. बारीक बारीक आवाज येतात, कुणी दार वाजवावं तसे. आणि मग ते गप्प होतं. ते गप्प झालं की बाहेरच्यांना वाटतं, पोरीला आराम पडला.

दुर्गाबाईला तसं वाटलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी तिची सासू रुख्माबाई पाळी बदलायला आली, तेव्हा दुर्गाबाई उठेना.

"मामीजी, काल सांजपासून दूध नाही देल्लं पोरीले."

"त मंग? पाटी नाही का दिसत? डॉक्टरनंच सांगतलं."

"एवढा वेळ?"

"तापात पोट रिकामंच बरं असते. आपल्या घरी तापात कोणी जेवते का? लंघन करतेत. ताप उपाशी मरते." रुख्माबाईने स्टूल ओढलं. "आणि सलाइन चालू आहे ना! थेंब थेंब जाऊनच राह्यलं."

सलाइन! त्या बाटलीत पाणी, मीठ आणि चिमूटभर साखर. लग्नाच्या पंगतीत बसवून तुम्हाला कुणी दोन दिवस नुसतं सरबत वाढलं, तर तुम्ही पत्रावळ फेकून उठाल. मयुरीला उठता येत नव्हतं. तिच्या तोंडात नळी होती, तिला ओरडताही येत नव्हतं.

आणि बाहेर बाकावर डबे उघडत होते. खैरलांजीकडच्या तांदळाचा वास दार उघडलं की आत यायचा. ज्या जिल्ह्यात पिवळ्या धानाच्या राशी लागतात, तिथली पोरगी भर वस्तीत, दवाखान्यात, आईच्या डोळ्यांदेखत उपाशी होती. आणि हे तिच्या भल्यासाठी चाललंय, असं प्रत्येकाला वाटत होतं. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

सहाव्या दिवशी दुपारी साहेबांना वेळ मिळाला. थोरल्या बहिणीला बाहेर काढलं. मयुरी स्वतःच्या दमाने श्वास घेऊ लागली. मी नाकातच होते, मी तो श्वास अंगावर झेलला. पहिला आला, दुसरा आला. दहा मिनिटं चांगली गेली. मग तिच्या फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या. गळ्याची खाच खोल गेली. नाकपुड्या माझ्यावर फडफडू लागल्या. अर्ध्या तासात तिचे ओठ पुन्हा निळे. धावपळ झाली आणि बहिणीला पुन्हा आत घातलं, यंत्र पुन्हा जोडलं.

साहेब हातमोजे काढत म्हणाले, "फेफड़े तो साफ हैं. बच्ची में दम ही नहीं है. मसल्स थक गए."

दम कुठून असणार? श्वास ओढायलाही अंगात बळ लागतं, आणि बळ यायला पोटात काहीतरी जावं लागतं. मला मुभा असती तर मी तेव्हाच ओरडले असते. पण नळीने गप्पच राहायचं असतं.

संध्याकाळच्या राउंडला श्रुतिका होती. तिने त्या दिवशी दोन ड्यूट्या ओढल्या होत्या. साहेबांनी तक्ता उचलला.

"खाना तो पूरा जा रहा है," ते विचारात पडून म्हणाले. "नौ बजे सौ, बारह बजे सौ, तीन बजे सौ. फिर कमजोरी क्यों?"

"कोणाले?"

सगळ्यांनी वळून बघितलं. दुर्गाबाई बोलली होती. पाळी संपली तरी रुख्माबाई अजून दारातच उभी होती. तिने तिथूनच दटावलं, "गप राह्य व! साहेबाच्या तोंडी लागून राह्यली का?"

"कोणाले गेलं, साहेब?" दुर्गाबाई थांबली नाही. "माह्या पोरीले त परवा सांजपासून थेंब नाही गेला." तिने पदर पुढे केला. "हे पाहा. नळीतून दूध गेलं का मी गाठ मारतो. ही परवाच्या सांजची. याच्यापुढं पदर कोरा आहे."

साहेबांनी गाठीकडे बघितलं, मग तक्त्याकडे, मग वर लाल पाटीकडे. "ये अभी तक क्यों लगी है?"

कुणी 'जी सर' म्हणालं नाही.

साहेब जरा खाकरले. "देखो बाई, नली निकालनी थी, इसलिए खाली पेट रखा था. फिर टल गया. होता है."

"आमच्याइथं रोवणा टळते, साहेब," दुर्गाबाई म्हणाली. "बाया नाही आल्या, मोटर जळली, त उद्यावर जाते. रोवणा उद्यावर गेला म्हणून आम्ही परह्याचं पाणी तोडतो का? अन् परहा सुकवून मंग बांधीत रोवून त्याले म्हणावं का, उभा राह्य?"

साहेब बाहेरगावचे. त्यांना कळलं नाही. त्यांनी श्रुतिकाकडे बघितलं.

श्रुतिकाच्या घरी धान आहे. परहे म्हणजे वाफ्यात वाढवलेली धानाची रोपं, आणि रोवणा म्हणजे बांधीत, पाणी साचवलेल्या शेतात, त्यांची लावणी, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने मान खाली घालून एकेक वाक्य हिंदीत सांगितलं. "सर, ये बोल रही हैं... रोपाई कल पर टल जाए, तो क्या रोपे का पानी बंद कर देते हैं... और सुखा के रोपो, फिर बोलो कि खड़ा हो जा..." शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं.

साहेबांनी स्वतःच्या हाताने पाटी काढली. "फीड चालू करो. थोड़े से शुरू करना, दो दिन का खाली पेट है." मग दारापर्यंत गेले आणि वळून हळू आवाजात म्हणाले, "और वो चार्ट नया बना देना. साफ वाला."

नवा तक्ता बनला. त्यात पाचव्या दिवशीही शंभर आहेत आणि सहाव्या दिवशीही. जुना फाडला. मयुरी ते दोन दिवस उपाशी होती, हे आता कुठल्याच कागदावर नाही. दुर्गाबाईच्या पदरावर होतं, तो पदर धुतला गेला. राहिले मी. म्हणून तर सिस्टर म्हणाली, किसी को बोलना मत.

मी श्रुतिकावर पूर्ण रागावू शकत नाही. नवा तक्ता लिहिताना ती रडत होती आणि त्या दिवसापासून ती आधी दूध देते, मग लिहिते. पण ते दोन दिवस मयुरीच्या अंगातून गेले, तिच्या पायाच्या काड्या झाल्या. त्याचं काय? चूक झाली, होते. चूक पुसून वर साफ कागद चिकटवता, तेव्हा ती पुढच्या मुलासाठी तयार होऊन बसते.

त्या संध्याकाळी पुन्हा तीस एमएल आलं. रुख्माबाई हट्टाने आत आली आणि म्हणाली, "मी धरतो." सिस्टरने नळकांडं तिच्या हातात दिलं आणि किती उंच धरायचं ते दाखवलं. दूध माझ्यातून खाली गेलं. मयुरीचं पोट आधी बिचकलं, मग गुडगुडलं. बाहेरसुद्धा ऐकू आलं.

रुख्माबाई सुनेकडे न बघता म्हणाली, "माहा एक लेक तापात गेला. तुह्या नवऱ्याच्या वरचा. चार दिस लंघन केलं होतं. पेज मागे तो. मी नाही देल्ली."

दुर्गाबाईने सासूचा हात खालून धरून ठेवला. दूध संपलं तेव्हा "गेलं पोटात" असं सासूच म्हणाली, आणि गाठ तिनेच सुनेच्या पदराला मारली.

पुढे तिसाचे साठ झाले, साठाचे शंभर. मयुरीने डोळे उघडले. सिस्टर मला हात लावायची तेव्हा ती भुवया आक्रसू लागली. छान वाटलं मला. चिडायला बळ लागतं.

काल, नवव्या दिवशी, पुन्हा पाटी लागली. सकाळी सहाला दूध झालं आणि पाटी लागली, दहा वाजता श्वासाची नळी काढायची. दहाला पाच कमी असताना दुर्गाबाई सिस्टरच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"शिस्टरबाई, दहा वाजून राह्यले. एक त साहेबाले बलावा, नाही त दूध आणा."

"दुर्गाबाई, पाच मिनिटं थांबा की हो."

"हौ, पाच मिनिटं. मंग मी पाटी काढतो."

श्रुतिकाने फोन लावला. साहेब दहा वाजून वीस मिनिटांनी आले, थोडे चिडलेले. बहिणीला बाहेर काढलं. मी पुन्हा तो श्वास अंगावर झेलला. पहिला, दुसरा. दहा मिनिटं. अर्धा तास. फासळ्या ओढल्या गेल्या नाहीत. दुपार झाली तरी श्वास येतच होता, माझ्या बाजूने, ऊन ऊन.

मयुरी आता स्वतः श्वास घेते. गिळताना अजून ठसका लागतो, म्हणून मी आहे. माझं म्हणाल तर मी पिवळी पडले आहे. मला केव्हाच बदलायला हवं होतं, पण स्टोअरमध्ये माझ्या मापाची दुसरी नळी नव्हती. चिकटपट्टीचा हा चौथा पायजमा. आज-उद्या मला काढतील आणि कोपऱ्यातल्या लाल पिशवीत टाकतील. त्याचं मला दुःख नाही. पोट भरून जाईन.

पण जाण्याआधी मला बोलायचंच होतं, कारण समोर तीन नंबरच्या पलंगावर काल एक बाळ आलंय. आठ-नऊ महिन्यांचं. त्याच्या नाकातही माझ्यासारखीच एक आहे, माझ्याहून बारीक. सकाळी सहाला त्याच्या दांड्याला लाल पाटी लागली. कसली तरी तपासणी होती. अकरा वाजता कुणीतरी येऊन सांगून गेलं की तपासणीचं मशीन बंद आहे, उद्या बघू. आता भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले. पाटी तिथेच आहे. तिकडची सिस्टर नवी आहे, आणि तिच्या तक्त्यात दुपारचे बाराचे साठ एमएल लिहिलेले मी इथून बघतेय. बाळाची आई लहानशी पोर आहे. ती हात जोडून यंत्राकडे बघत बसली आहे. दुर्गाबाईला दिसलं असतं, पण ती आज उशिरा आंघोळीला गेली आहे. रुख्माबाईचा स्टुलावर डोळा लागलाय. श्रुतिका दूध आणायला गेली आहे. बाळाचं पोट भांडून झालं असेल. आता विनवत असेल.

म्हणून तुम्हाला सांगते. यंत्राचे फोटो काढू नका. आकडे विचारू नका. तुम्ही रस्त्यात भेटलेल्या कुणालाही जे विचारता तेच इथे येऊन विचारा. जेवलं का? आणि उत्तर तक्त्यातून आलं तर ऐकू नका, सिरिंज दाखवा म्हणा. पाटी कधी लागली ते विचारा, ती कधी निघणार तेही विचारा. काम उद्यावर गेलं तर

"आई..." मयुरीचा आवाज. घोगरा, फाटका. दहा दिवसांत पहिल्यांदा. "भूक..."

"आले ग माझी राणी, आले!" श्रुतिका दाराशीच होती, ती जवळजवळ पळत येतेय, हातातलं दूध हिंदकळतंय. "चल ग नळी, उघड तोंड. तुझं बोलावणं आलं."

जाते. जायलाच हवं, हिची वेळ मी चुकवणार नाही. पण माझं झाकण आता निघेल, तोंडात दूध येईल आणि मग मला बोलता येणार नाही, म्हणून घाईने सांगते. तुम्ही उठा. तीन नंबरपाशी जा. त्या पोरीला हलवा, तिच्या पदराला गाठ आहे का बघा, आणि तिला विचारा की तिच्या बाळाला शेवटचं दूध कधी